भीमतालच्या बुकिंगमध्ये आम्हाला कसं लुबाडलं

मुलांना घेऊन यंदा नैनिताल, मनाली, काश्मीर अशा बाजूला जायचा बेत असेल, तर हॉटेलला टोकन पाठवण्याआधी हे पूर्ण वाचा. गेल्या वर्षी, २०२५च्या उन्हाळ्यात, उत्तराखंडात नैनितालजवळच्या भीमतालच्या तळ्याकाठच्या एका हॉटेलच्या नावावर आमचे ७८,३९९ रुपये गेले. हॉटेल खरं आहे, नाव खरं आहे आणि तिथल्या मंडळींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून ते नाव लिहीत नाही. त्या नावाआड बसून जो आमच्याशी बोलत होता त्याची पद्धत मात्र बारकाव्यांसकट लिहिते. तीच पद्धत उद्या दुसऱ्या एखाद्या घरावर वापरली जाणार आहे.

नवतप्यातलं, म्हणजे मेअखेरीच्या नऊ तापत्या दिवसांतलं, नागपूर कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपत आल्यावर उघडतात, त्यामुळे जूनचे पहिले आठवडे आमच्या हाती असतात. मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा होता, मुलगी नववीत जाणार होती. चिखलदरा, पचमढी लहानपणीच करून झालेलं. या वयाच्या मुलांना पॉइंट बघत गाडीत बसून फिरायला आवडत नाही. त्यांना पाण्यात उतरायचं असतं, काहीतरी करायचं असतं आणि आईबाबांपासून वेगळी खोली हवी असते, आणि ते चूक नाही. म्हणून भीमताल ठरलं. तळ्यात कयाक, नौकुचियातालच्या बाजूला पॅराग्लायडिंग, सातताल जवळ, एक दिवस नैनिताल.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. जूनच्या प्रवासाची तिकिटं एप्रिलमध्ये, खिडकी उघडल्याबरोबर काढावी लागतात, नाहीतर उत्तरेकडच्या गाड्यांमध्ये वेटिंगशिवाय काही मिळत नाही. आम्ही आधी दिल्लीपर्यंतची आणि पुढे काठगोदामपर्यंतची तिकिटं पक्की केली आणि मग हॉटेल शोधायला बसलो. बहुतेक घरं याच क्रमाने जातात. हे त्या माणसाला पुरतं माहीत होतं.

मुलीला समाजमाध्यमावर त्या हॉटेलची जाहिरात दिसली. तळ्यावर उघडणारी बाल्कनी, खाली रंगीत बोटी. वेबसाइट व्यवस्थित होती. नकाशावर हॉटेलचं नाव शोधलं तर तिथेही तोच फोन नंबर. आता कळतं की नकाशावरच्या जागेचा फोन नंबर बदलण्याची सूचना कोणीही पाठवू शकतं, आणि ती कधीकधी मंजूरही होते. दोन ठिकाणी एकच नंबर दिसला म्हणजे तो खरा, असं धरून चालू नका. जाहिरातीखालच्या कौतुकाच्या कमेंट नंतर नीट पाहिल्या, तर जवळजवळ सगळ्या एकाच आठवड्यातल्या होत्या.

फोनवरचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. त्याचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, ट्रेन का टिकट हो गया?" ही चौकशी मला तेव्हा आपुलकीची वाटली. खरं तर हो म्हटल्याबरोबर त्याला कळलं की या लोकांच्या तारखा आता हलणार नाहीत. दुसरा प्रश्न मुलांच्या वयाचा. "टीनएजर हैं तो दो इंटरकनेक्टिंग रूम लीजिए, बीच में दरवाज़ा रहेगा, आपको भी चिंता नहीं, बच्चों को भी आज़ादी." कोणत्याही आईला जे हवं असतं तेच त्याने मी मागण्याआधी सांगितलं. खोलीला करासह रोजचे ४,५०० रुपये, दोन खोल्या, पाच रात्री. दर फार स्वस्त नव्हता. स्वस्त असता तर शंका आली असती.

टोकन म्हणून १३,५०० रुपये गेले. यूपीआयवर पैसे पाठवताना हॉटेलऐवजी एका व्यक्तीचं नाव आलं. माझ्या नवऱ्याने लगेच विचारलं. उत्तर तयार होतं: सीझनमध्ये कंपनीच्या खात्याची रोजची मर्यादा भरून जाते, हे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे. यूपीआयला रोजची मर्यादा असते हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे हे पटतं. दोन दिवसांनी फोन आला, दुसरं एक कुटुंब त्याच जोडखोल्या मागत आहे, पूर्ण रक्कम भरली तरच राखून ठेवता येतील. ३१,५०० गेले, आणि या वेळी नाव आणखी वेगळं.

पुढची खेळी मला आजही सर्वात जास्त चीड आणते. त्याने मुलांसाठी कयाक आणि पॅराग्लायडिंगचं पॅकेज पाठवलं, ८,४०० रुपयांचं (तेही आम्ही भरले), आणि सोबत 'पालक संमतीपत्र'. मुलाचं नाव, वय, वजन, रक्तगट, पालकाची सही, आणि १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाच्या आधारची दोन्ही बाजूंची प्रत. अशा खेळांना संमतीपत्र घेतात, वजन विचारतात, हे खरं आहे. म्हणून तो कागद खोटा वाटतच नाही. जबाबदार जागा दिसते. अशा रीतीने दोन्ही मुलांची पूर्ण आधार कार्डं त्या टोळीकडे गेली. पैशांपेक्षा हे नुकसान मोठं आहे.

शेवटचा फोन रात्री जेवणाच्या वेळी नवऱ्याला आला. व्हाउचर तयार करायचं आहे, पोलिसांच्या नियमामुळे खातं 'व्हेरिफाय' करावं लागतं. आधी ५ रुपये पाठवायला सांगितले आणि तिकडून लगेच १० रुपये परत आले. मग म्हणाला, आता आकड्याच्या रकान्यात कोड टाका: दोन चार नऊ नऊ नऊ. "सर, ये अमाउंट नहीं है, कोड है. कटेगा तो भी पाँच मिनट में वापस." तो फोन ठेवूच देत नव्हता, मागे दुसरा माणूस 'सिस्टम बंद हो जाएगा' असं ओरडत होता. २४,९९९ रुपये गेले. लगेच म्हणतो, कोड मॅच झाला नाही, पुन्हा टाका. तेव्हा नवऱ्याने फोन कापला.

हे ध्यानात ठेवा: यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा आपली शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला, परत मिळवायला पिन लागत नाही. रकमेच्या रकान्यात जे काही टाकाल ती रक्कमच असते, समोरचा त्याला कोड म्हणो की इनव्हॉइस नंबर.

मी तिथूनच १९३० लावला. हा गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे यंत्रणेचा क्रमांक आहे. पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला तक्रार तत्काळ पाठवली जाते आणि शिल्लक असलेली रक्कम गोठवली जाते. त्यांना प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपलं खातं लागतं. हे सगळं यूपीआय अ‍ॅपच्या व्यवहार-इतिहासात असतं, फोन लावण्याआधी दुसऱ्या मोबाईलवर उघडून ठेवा. तासाभरात तक्रार गेली म्हणून ते २४,९९९ दुसऱ्या बँकेत अडकले. आधीचे तिन्ही व्यवहार जुने झाले होते, ते पैसे केव्हाच एटीएममधून काढून घेतलेले. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण केली आणि शहरातल्या सायबर पोलीस ठाण्यात जबाब दिला.

बँकेत गेलो, तिथे मात्र हाती काही लागलं नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक तेव्हा ग्राहकाला संरक्षण देत होतं, तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर जबाबदारी शून्य, पण ते आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना. आपण स्वतः पिन टाकून पाठवलेला पैसा त्यात बसत नाही, असं बँकेने सांगितलं. अनेक लोक अशा नियमांच्या भरवशावर पोलीस तक्रारीला उशीर करतात. तसं करू नका.

पैसे गेले त्याच रात्री नवऱ्याच्या मित्राने, ते कर सल्लागार आहेत, त्या माणसाने पाठवलेलं हॉटेलचं बिल मोबाईलवर पाहिलं आणि दोन मिनिटांत तीन गोष्टी दाखवल्या. बिलात खोलीवर १८ टक्के जीएसटी लावला होता; त्या वेळी साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला १२ टक्के होता (२२ सप्टेंबर २०२५पासून तो ५ टक्के झाला). जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे ०५ होते, म्हणजे उत्तराखंड, इथपर्यंत बरोबर. पण या १५ अक्षरी क्रमांकात तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन असतो, आणि पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी, भागीदारी फर्मसाठी एफ. बिलावर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलेलं आणि पॅनमध्ये पी. मग जीएसटीच्या पोर्टलवर करदाता शोधण्याच्या जागी तो क्रमांक टाकला. क्रमांक खरा होता, एका किराणा दुकानाचा. हे शोधायला पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. बिल किंवा क्रमांक आधी मागा आणि पैसे नंतर द्या.

तिकिटं होती म्हणून आम्ही गेलो. दुसरीकडे राहिलो, मुलांनी कयाक चालवली, पोहली, त्याबद्दल इथे लिहीत बसत नाही. पण एका सकाळी त्या खऱ्या हॉटेलात गेलो. काउंटरवरच्या दादांनी आमचं ते बिल पाहिलं आणि काही न बोलता खालच्या खणातून एक लांब वही काढली. बनावट व्हाउचर घेऊन आलेल्यांची नावं, गाव, तारीख. इंदूर, लखनौ, पुणे, सुरत. काही जण लहान लेकरांसह रात्री दहाला पोहोचलेले, भर सीझनमध्ये, कुठेही खोली नाही. ते म्हणाले, आम्ही तक्रार करतो, एक पान बंद होतं, दुसरं उघडतं. केंद्रीय सायबर यंत्रणेनेही एप्रिल २०२५मध्ये, नेमकं आमचं बुकिंग चालू असताना, बनावट वेबसाइट आणि जाहिरातींतून हॉटेल, चारधामची निवासस्थानं, केदारनाथचं हेलिकॉप्टर यांच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीचा जाहीर इशारा दिला होता. तो आमच्यापर्यंत पोहोचला नाही. तुमच्यापर्यंत पोहोचावा म्हणूनही हे लिहिते आहे.

आता आम्ही कुठेही पैसे पाठवण्याआधी एक रुपया पाठवतो आणि नाव बघतो. हॉटेलचं किंवा त्याच्या कंपनीचं नाव आलं नाही तर पुढे जात नाही, मग कारण कितीही पटणारं असो. रिसेप्शनवरून व्हिडिओ कॉल मागतो: समोरचं तळं दाखवा, आत्ता. खऱ्या हॉटेलवाल्याला याचा राग येत नाही. नंबर, यूपीआय आयडी आणि वेबसाइट सायबरक्राइमच्या त्याच सरकारी पोर्टलवरच्या संशयित शोधात टाकून पाहतो. आणि शक्य असेल तिथे सरकारी निवास बघतो. भीमताल, सातताल, नैनिताल भागात कुमाऊं मंडल विकास निगमची विश्रामगृहं आहेत, आपल्याकडे चिखलदऱ्याला एमटीडीसीचं आहे. पण त्यांच्याही नावाने बनावट पानं निघू शकतात, म्हणून जाहिरातीवरून कधीच जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा.

मुलांचं आधार कुणालाही पाठवायचं असेल तर मास्क केलेलं पाठवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं. आम्ही दोघांचंही बायोमेट्रिक लॉक केलं आहे.

अडकलेल्या २४,९९९ रुपयांसाठी पोलिसांनी आम्हाला न्यायालयात अर्ज करायला सांगितलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. तो केला आहे, अजून निकाल नाही. तपासात टोकनचं खातं एका कॉलेजच्या मुलाचं निघालं. त्याने ते कमिशनवर वापरायला दिलं होतं, आणि आता पहिला आरोपी तोच आहे. टोळीतल्या कुणाचाही पत्ता नाही. किशोरवयीन मुलं घरात असतील तर या बाजूनेही सावध राहा, कारण दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं खातं चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे, आणि खाती भाड्याने मागणारे लोक त्यांच्याच ग्रुपमध्ये फिरत असतात. हे घरी बोलत असताना मुलाने फोन पुढे केला. त्याच्या क्लासच्या ग्रुपवर असाच मेसेज येऊन पडला होता: बँक अकाउंट आहे का, दर महिन्याला घरबसल्या पैसे. आम्ही तो दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद मेसेज कळवण्याच्या 'चक्षू' या सोयीत नोंदवला आणि ग्रुपमधल्या बाकी मुलांच्या आईबाबांना फोन केले.