तीन गच्च्या, तीन रिसीव्हर: डोंगल घ्यावं की बोर्ड?

पंचवटी, गंगापूर रोड, नाशिकरोड अशा तीन गच्च्यांवर रिसीव्हर ठेवून ट्रान्समीटर हुडकायचा असेल, तर एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ रिसीव्हर) घेताना फ्रिक्वेन्सीच्या आधी टाइमस्टॅम्पची, म्हणजे सिग्नलवर पडणाऱ्या वेळेच्या शिक्क्याची चौकशी करा. कारण लहर कुठल्या गच्चीवर किती आधी-नंतर पोचली, यावरूनच ट्रान्समीटरची जागा निघते. पंचवटी ते नाशिकरोड धरा दहाएक किलोमीटर. रेडिओलहर तेवढं ३३ मायक्रोसेकंदांत कापते. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर.

आरटीएल-एसडीआर हे यूएसबीत खोचायचं छोटं डोंगल सॅम्पलवर (सिग्नलच्या एकेका मोजमापावर) वेळ टाकतच नाही. डेटा यूएसबीवरून गठ्ठ्यांनी येतो. डोंगल चालवणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीचा ठरलेला बफर (गठ्ठा साठवायची जागा) २,६२,१४४ बाइट्सचा, म्हणजे सेकंदाला २४ लाख सॅम्पल घेताना एक गठ्ठा भरायलाच जवळपास ५५ मिलिसेकंद लागतात. तो कधी पोचला यावरून वेळ काढणं इथे निरुपयोगी. सॉफ्टवेअरने सॅम्पल मोजत जाणं त्यापेक्षा बरं, पण मध्ये काही गळाले तर कोणी सांगत नाही आणि पुढची सगळी मोजणी गुपचूप चुकते.

यूएसआरपी बी२१०, ब्लेडआरएफ, लाइमएसडीआर या बोर्डांत सॅम्पल मोजणारा काउंटर बोर्डावरच्या एफपीजीए चिपमध्ये असतो, म्हणजे डेटा यूएसबीवर जाण्याआधीच मोजणी होते. सॅम्पल गळाले की आकड्यात उडी दिसते. तरी त्या काउंटरला घड्याळातले किती वाजले ते ठाऊक नसतं. बी२१० ला पीपीएस (दर सेकंदाला एक ठोका) आणि १० मेगाहर्ट्झ (घड्याळाची गती बांधून ठेवणारा सिग्नल) अशी दोन्ही इनपुट आहेत. जीपीएसचा पीपीएस सेकंद कुठे सुरू झाला ते सांगतो. सेकंद कोणता, ते बाहेरून भरावं लागतं. नुसता पीपीएस लावून एकदाच वेळ जुळवली आणि बोर्डाच्या क्रिस्टलवर भिस्त ठेवली, तर १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक) फरकाने दर सेकंदाला एक मायक्रोसेकंद घसरतो. १० मेगाहर्ट्झही जोडाच.

हॅकआरएफ वन या दुसऱ्या बोर्डाला बाहेरचं क्लॉक जोडता येतं, पण सॅम्पलसोबत टाइमस्टॅम्प येत नाही. या कामापुरतं ते महागडं डोंगलच.

फक्त ओझर विमानतळाची विमानं त्यांच्या १०९० मेगाहर्ट्झवरच्या संदेशांतून बघायची असतील, तर बोर्डावर पैसे घालू नका. तिथे एमलॅटसुद्धा (अनेक रिसीव्हरांवरच्या वेळेच्या फरकातून विमानाची जागा काढणं) डोंगलवर चालतं, कारण स्वतःची जागा सांगणाऱ्या विमानांच्या संदेशांवरूनच रिसीव्हरांची घड्याळं एकमेकांशी जुळवली जातात. ट्रान्समीटर हुडकायला मात्र मी बी२१० आणि प्रत्येक गच्चीवर जीपीएसडीओ (जीपीएसच्या वेळेला बांधलेलं, पीपीएस आणि १० मेगाहर्ट्झ देणारं घड्याळ) असाच संच घेईन.

आधी दोनच संच आणा. एकाच टेबलावर, स्प्लिटरने एकाच अँटेनाला जोडा आणि तासभर वेळेतला फरक बघा. फरक कायम तेवढाच राहिला तर तो केबल-फिल्टरचा, वजा करता येतो. तो हलायला लागला तर तिसऱ्याची ऑर्डर थांबवा.