वॉशर-ड्रायरची जोडी: धुलाई उत्तम, किंमत तपासून घ्या

अमेरिकेत घरासाठी वॉशर-ड्रायर शोधणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. आमचा जुना वॉशर फिरायचा थांबला, म्हणून ओहायोतल्या एका मोठ्या दुकानातून नवी जोडी आणली. टॉप लोड, मधे अ‍ॅजिटेटर (कपडे घुसळणारा खांब), अमेरिकी बनावट.

धुलाईला पैकीच्या पैकी. मुलांच्या सॉकरच्या मोज्यांचा चिखल एका फेरीत निघतो. पाणी मशीन आपल्या मनाने घेतं आणि चादरींना कमीच घेतं, तेव्हा जास्त पाण्याचं बटण विसरू नका. ड्रायरचा आवाज कमी आहे, लिंटची जाळी सहज निघते. सुती कुर्ते मात्र जरा दमट असतानाच बाहेर काढा, नाहीतर आटतात.

आता किंमत. दोन्हींवर एकच आकडा, 749 डॉलर. ड्रायरमध्ये असतं काय? ड्रम, पंखा, हीटर. ना पाण्याचा पंप, ना अ‍ॅजिटेटर. तरी भाव वॉशरचाच!

विक्रेता म्हणाला, "हे इथेच बनतं, टॅरिफचा (आयात कराचा) संबंध नाही." संबंध कसा नाही? फेब्रुवारी 2018 मध्ये ट्रम्प सरकारने आयात वॉशरवर टॅरिफ लावलं: वर्षाच्या पहिल्या 12 लाख मशीनवर 20 टक्के, त्यापुढच्यांवर 50. ड्रायरवर शून्य. तरीही फेडरल रिझर्व्ह आणि शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांच्या हिशेबात वॉशर सुमारे 86 डॉलरने महागला आणि ड्रायर 92 ने. विकायची जोडी, मग वाढही दोघांवर वाटली. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे ओल्याबरोबर सुकं जळालं. बाहेरचा माल महागल्यावर देशी कंपन्यांनीही भाव चढवले. त्यांना अडवणार कोण?

सॅमसंगने साउथ कॅरोलायनात आणि एलजीने टेनेसीत कारखाने काढले हे खरं. त्याच अर्थतज्ज्ञांनी धरलेल्या नव्या नोकऱ्या साधारण 1,800, आणि एकेका नोकरीमागे ग्राहकांनी वर्षाला मोजले आठ लाख डॉलरहून जास्त. (तेवढे थेट कामगाराच्या हातात ठेवले असते तर त्याने कारखान्यात पाऊलही टाकलं नसतं.) शिवाय 2018 मध्येच आयात पोलादावर 25 टक्के टॅरिफ आलं, म्हणजे ज्यांना वाचवायचं त्याच देशी कारखान्यांचा पत्रा महाग.

वॉशरवरचं ते टॅरिफ 2023 मध्ये संपलं. जून 2025 मध्ये आयात वॉशर, ड्रायर, फ्रिजमधल्या पोलादावर 50 टक्के लागलं. या खेपेला ड्रायरही यादीत. आणि आमच्या 'इथेच बनलेल्या' वॉशरच्या मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलंय की सुटे भाग परदेशीही आहेत.

मशीनला चार तारे, किमतीला दोन. तुमचा जुना ड्रायर चालू असेल तर जोडी जुळवण्यासाठी तो बदलू नका. रंग वेगळा दिसेल, पण तळघरात बघतंय कोण?