आठ महिने झाले जातेय, जुन्या कपड्यांच्या दुकानाचा माझा अनुभव

आधीच सांगून टाकते, दुकानाचं नाव अन् नेमका पत्ता मी लिहीत नाहीये. मागं पावसाळ्यात कुणीतरी नंबरासकट मेसेज ग्रुपवर फिरवला आणि पुढचे चार दिवस शटर उघडायच्या आधीच पायरीवर पोत्यांचा ढीग, त्यातली निम्मी पावसात भिजून वास मारत होती, ती निस्तरण्यात तिथल्या बायकांचे दोन दिवस गेले. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहणाऱ्यांना कळेलच मी कुठल्या दुकानाबद्दल बोलतेय.

एका छोट्या ट्रस्टचं दुकान आहे. लोकांनी दिलेले वापरलेले कपडे, भांडी, दप्तरं, पुस्तकं घेतात, निवडतात, धुतात, उसवलेलं शिवतात आणि दहा रुपयांपासून दोनशे-अडीचशेपर्यंत किंमत लावून विकतात. फुकट काहीच देत नाहीत. सुरुवातीला मला हे खटकलं होतं, दान आलेली वस्तू विकायची कशी म्हणून. आता आठ महिन्यांनी माझं मत एकदम उलटं झालंय, त्यासाठीच हे लिहायला बसले.

मी पहिल्यांदा गेले जून २०२५ मध्ये, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, तेव्हा ऑर्डरी नव्हत्या, आठवड्यातनं तीनच दिवस काम मिळायचं. पोरगा तिसरीत. युनिफॉर्मचे दोन जोड, बूट, पीटीचा वेगळा ड्रेस असं सगळं धरून तीन हजाराच्या पुढं चाललं होतं. आपल्या सोलापुरात गल्लोगल्ली युनिफॉर्म शिवतात, इथले गणवेश बाहेरच्या राज्यांत जातात, त्याचं मोठं प्रदर्शन भरतं, आणि त्याच गावात बसून मी पोराच्या एका पँटसाठी हिशोब मांडत होते, याचं फार वाईट वाटलं होतं तेव्हा. शेजारच्या ताई म्हणाल्या तिथं जाऊन बघ. दोन दिवस गेलेच नाही, ओळखीच्या कुणी बघितलं तर काय म्हणतील हेच डोक्यात.

तिसऱ्या दिवशी पोराला घेऊन गेले. एकच लांबट खोली, लोखंडी रॅक, दाराशी उजेडाला शिलाई मशीन आणि मशीनवर एक वयस्कर बाई, सगळे त्यांना अक्का म्हणतात. ट्रायल रूम नाही. हाफपँट मापाची आहे की नाही कसं बघायचं म्हणून मी उभी, तर अक्कांनी पोराला जवळ ओढलं, पँटचं बटण लावलं, कंबरपट्टी सपाट धरून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली, मागं मानेवर दोन्ही टोकं बरोबर टेकली. म्हणाल्या, "बसतंय बघ, एक बोट ढिली पण आहे." मग पाय उलटा करून दाखवला, "आत दोन इंच माया ठेवलीय, दिवाळीनंतर सोड." मी इतकी वर्षं पोराचे कपडे घेतेय, ही गळ्याची युक्ती मला माहीत नव्हती. तेव्हापासनं बाजारात रेडीमेड पँट घेताना पण असंच बघते.

शर्टाच्या कॉलरला आतनं आधीच्या पोराचं नाव निळ्या दोऱ्यानं काढलेलं होतं. मी म्हटलं राहू द्या, आतल्या बाजूला आहे, कुणाला दिसणारे. अक्कांनी शर्ट माझ्या हातनं परत घेतला. अर्धं ब्लेड चिमटीत धरून एकेक टाका कापला, चिमट्यानं दोऱ्याचे तुकडे ओढून काढले, नखानं कापड उभं-आडवं चोळलं म्हणजे सुईची भोकं बुजतात. "त्याच शाळेत जाणार ना? वर्गात कुणी कॉलर उलटली म्हणजे?" वरची दोन बटणं आधीच्या आईनं वेगळ्या दोऱ्यानं लावलेली होती, ती पण काढून पांढऱ्या दोऱ्यानं लावून दिली. दोन शर्ट, दोन हाफपँट मिळून एकशेचाळीस रुपये झाले. शाळा सुरू झाली, पोराला कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतर मी येत-जात राहिले. आधी नुसती घ्यायला, मग द्यायला पण, आणि दिवाळीनंतर शनिवारी दोन तास कपडे निवडायला बसते. त्यामुळं दुकानाच्या तिन्ही बाजू बघून झाल्यात.

किंमत का लावतात हे मला जानेवारीत नीट कळलं. संक्रांतीची सिद्धेश्वरांची यात्रा तोंडावर आली होती, गड्ड्याला, म्हणजे यात्रेतल्या जत्रेला, पोरांना काहीतरी नवीन घालायला पाहिजे म्हणून दुकानात गर्दी असते. एक विडी कामगार बाई कारखान्यात विड्या देऊन सरळ इकडंच आली होती, बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलीनं गुलाबी फ्रॉक धरला, खाली जाळी असलेला. त्या बाईनं तो आधी उलटा केला. काखेतल्या शिलाईत बोट घालून ताणून बघितलं, जाळी ट्यूबलाईटसमोर धरून भोकं बघितली, चेन तीनदा वरखाली केली. चिठ्ठीवर साठ लिहिलेलं. "चाळीसला द्या अक्का, चेन अडकलालीय." अक्का म्हणाल्या चेन नीट करून देते, साठच. असं करत पन्नासवर आलं. बाईनं कमरेचा बटवा काढून दहाच्या पाच नोटा दोनदा मोजल्या अन् मुलीला दम दिला, आताच घालून मळवायचा नाही, गड्ड्याला घालायचा.

त्या बाईनं भाव केला हो, खोट काढली, नावडलं असतं तर परत रॅकला लावून निघून गेली असती. फुकट वाटपात हे काहीच करता येत नाही. जे हातात पडेल ते घ्यायचं, मापाचं असो नसो, आणि वर फोटोला उभं राहायचं. मी स्वतः त्या दोन दिवसांत घरी बसून राहिले होते ती याच भीतीनं, आणि तिथं पैसे मोजून पिशवी उचलल्यावर ती भीती गेली, म्हणून हे एवढं लिहितेय. दिल्लीच्या गूंज संस्थेबद्दल बऱ्याच जणांना माहीत असेल, अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये सुरू केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडं गावातली माणसं आपल्याच गावचं काही काम करतात, विहीर, रस्ता, बांध असं, आणि त्याच्या बदल्यात कपडे वगैरे घेतात. आमच्या दुकानात त्या कामाच्या जागी दहा-वीस रुपये, धागा तोच आहे. मधल्या काळात गावोगावी माणुसकीची भिंत निघाली होती, नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या. मनापासून केलेली गोष्ट होती, पण निवडायला, धुवायला, घडी घालायला माणूस नसला की आठ दिवसांत त्याचा उकिरडा होतो, कपडे उन्हाधुळीत पडून राहतात आणि चांगलं असेल ते पण कुणी हातात घेत नाही.

आता देणाऱ्यांबद्दल, आणि इथं मी जरा रागानं लिहिणारे. आपल्याकडं बोहारीण यायची, अजूनही काही भागात येते. ती साडी कशी बघते आठवा. पदर झटकणार, उजेडात धरणार, विरलेली असली की बाजूला टाकणार, दहा साड्या घेऊन एक पातेलं देताना शंभर कटकटी. शनिवारी पोती उघडताना मला सारखं वाटतं, बोहारणीनं जे परत केलं ते आपण इथं आणून टाकतो. पिवळे पडलेले बनियन, इलास्टिक गेलेल्या लेगिंग, तेलकट उशा, एकाच पायाचा बूट. पाचातल्या एका पोत्यात तरी वापरलेली आतली वस्त्रं असतात, न धुतलेली. ती हातात घेणाऱ्या बायका आपल्यासारख्याच आहेत, त्यांनाही किळस येते, त्या बोलत नाहीत एवढंच.

आणि धुवायचं म्हटलं तर पाणी. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं हे सोलापूरकराला सांगायला नको. दुकानात एक टाकी आहे, पाणी आल्यावर ती भरली की तेवढ्यावर पुढच्या पाळीपर्यंत भागवायचं. म्हणजे तुम्ही घरून न धुता दिलेली एक चादर त्या टाकीतल्या किती बादल्या खाते बघा. माझी एवढीच विनंती आहे, द्यायचं ते धुऊन, वाळवून, बटण लावून द्या. तुमच्या बहिणीच्या पोराला द्याल का, असं स्वतःला विचारा, नाही वाटलं तर देऊ नका. अगदी जुन्या सुती साड्या असतील तर तसं सांगून वेगळ्या द्या, त्याच्या वाकळी शिवतात आणि त्या थंडीत हातोहात जातात. सुती चिंध्या गॅरेजवाले पुसायला घेऊन जातात. सिंथेटिक फाटकं मात्र कुठंच चालत नाही, ते शेवटी घंटागाडीतच टाकावं लागतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूरकडच्या गावांत घरं पाण्यात गेली, तेव्हा तर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोकांनी भरभरून दिलं हे खरं आहे. पण नेटच्या साड्या, लग्नातला ब्लेझर, मोती लावलेले घागरे, हे चिखलात उभ्या असलेल्या माणसानं काय करायचं? त्या आठवड्यात दुकानानं विक्री बंद ठेवली, फोन करून गावातनंच विचारून घेतलं काय पाहिजे, आणि उत्तर आलं चादरी, टॉवेल, नवीन आतले कपडे, परकर, पातेली, पोरांच्या वह्या. मग एका कारखानदारानं सेकंड मालाचे टॉवेल दिले, चादरी लोकांकडनं मागून घेतल्या, उरलेल्या चांगल्या साड्या दिवाळीत विकून त्या पैशाच्या वह्या घेतल्या. चादरी अन् टॉवेलच्या गावाला एवढं जमायलाच पाहिजे होतं, पण आधी विचारून मग पाठवायचं हे त्या गडबडीत कुणाला सुचलं याचं मला कौतुक आहे.

सगळं गोड गोड आहे असं नाही. ऑगस्टमध्ये मी तिथनं अडीचशेला मिक्सर घेतला, घरी आणून चटणी लावली तर भांड्याच्या खालनं पाणी गळून मोटारीत गेलं, जळका वास आला. परत नेला तर पैसे दिले, वाद घातला नाही, पण मुळात लावून न बघता विकायलाच नको होता. आता दुकानात लाईटचा एक बोर्ड काढलाय आणि लाईटवरची वस्तू समोर चालू करून दाखवतात, तरीसुद्धा मिक्सर-इस्त्री घेणार असाल तर मिक्सरचं भांडं पाण्यानं भरून, इस्त्री पाच मिनिटं तापवून, स्वतः बघून घ्या. पुरुषांचे कपडे फार कमी असतात, चांगली पँट तर मिळतच नाही, आपल्याकडं गडीमाणूस पँट फाटेपर्यंत घालतो. बायकांच्या ब्लाउजचा नुसता ढीग आहे, मापं लावलेली नाहीत, शोधताना अर्धा तास जातो. वेळ अकरा ते पाच आहे ही सगळ्यात मोठी अडचण, कारखान्यात जाणाऱ्या बाईला ती वेळ कशी जमणार? आम्ही दोघी-तिघींनी रविवारी सकाळी उघडा म्हणून सांगितलंय, माणसं मिळाली तर करू म्हणालेत. आणि एक जण आहेत तिथं काउंटरला, कधीमधी येणाऱ्या, त्या गिऱ्हाइकाला उगाच विचारतात घरात किती माणसं, मिस्टर काय करतात. तिथं हे विचारायचं नसतं. मी त्यांच्या तोंडावर सांगितलं, तेव्हापासनं जरा कमी झालंय.

पैशाचं काय होतं हा प्रश्न सगळ्यांना पडतो, मलाही पडला होता. दाराच्या आत काळा फळा आहे, त्यावर खडूनं महिन्याची विक्री अन् खर्च लिहितात, भाडं, लाईट बिल, दोन बायकांचा पगार, दोरा-बटणं-चेन, राहिलं ते पोरांच्या वह्या आणि परीक्षा फीला. मी मागितल्यावर ऑडिटचे कागद पण दाखवले. सार्वजनिक ट्रस्ट म्हटलं की १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी असते आणि हिशोब तपासून घ्यावा लागतो, त्यामुळं कुठल्याही संस्थेला द्यायच्या आधी नोंदणी नंबर विचारायला लाजू नका, चांगली संस्था कधी चिडत नाही. देणगीवर इन्कम टॅक्समध्ये जी सूट मिळते, जिला ८०जी म्हणतात, तिच्याबद्दल बरेच जण गोंधळतात. कपडे, भांडी अशी वस्तू दिली तर सूट मिळत नाही, पैसे दिले तरच मिळते, ते पण संस्थेकडं ८०जीची मान्यता असेल तर, आणि रोख दोन हजाराच्या वर असेल तर त्याला सूट नाही, चेक नाहीतर ऑनलाईन द्या. नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तर ही सूट विसरा.

जायचं असेल तर युनिफॉर्मसाठी एप्रिलच्या शेवटी जा, परीक्षा संपल्या की लोक जुने आणून देतात, जूनमध्ये मोठी मापं संपलेली असतात. स्वेटर दिवाळीच्या आधी बघा. स्टीलचे डबे आले की त्याच दिवशी जातात, त्याला नशीबच लागतं.

आमच्या पोराच्या पँटची माया दिवाळीनंतर सोडली, आता ती पण पुरत नाही, गुडघ्याच्या बरीच वर चढलीय. शर्ट मात्र चांगले राहिलेत. काल रात्री सगळे झोपल्यावर बसले आणि मी जूनमध्ये काढलेलं त्याचं नाव ब्लेडनं उसवलं, अक्का करतात तसं, एकेक टाका. भोकं दिसत होती, ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, नखानं चोळलं. शनिवारी देऊन येते.