‘डिबेटर’ला मराठीत काय म्हणावं? शिकागोच्या कोशस्थळाचं परीक्षण

शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा 1857चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ फुकटात शोधता येतील असे ठेवले आहेत. भाषांतर करणाऱ्याला याहून मोठा खजिना नाही. पण तो उघडायची पद्धत ठाऊक हवी. ‘डिबेटर’, म्हणजे वादविवाद स्पर्धेत बोलणारा, या एका शब्दावर ती पाहू.

पहिली अडचण शुद्धलेखनाची. दोन्ही कोश 1962च्या नियमांआधीचे. ‘भांडणे’ असं टंकलं की नोंद हाती लागेलच असं नाही, कारण कोशात शेवटच्या ‘णें’वर अनुस्वार आहे. म्हणून धातूचा भाग, ‘भांड’ एवढाच द्यावा आणि त्यापासून सुरू होणारे शब्द मागावेत.

दुसरी अडचण उलटा शोध. मोल्सवर्थ मराठीतून इंग्रजीत जातो. इंग्रजीवरून मराठी हवं असेल तर नोंदीच्या संपूर्ण मजकुरात शोध घ्यावा लागतो. तिथे आजची इंग्रजी चालत नाही, एकोणिसाव्या शतकातली लागते. ‘डिबेटर’वर अडून न बसता ‘डिस्प्युटंट’, ‘रँग्लर’ टाकून पाहावं (रोमन लिपीत, अर्थात). रँग्लर म्हणजे मुळात वाद घालणारा. केंब्रिजमधल्या जुन्या तोंडी वादपरीक्षांवरून तो गणिताचा किताब झाला. 1899 साली तो मिळवणारे गणितज्ञ र. पु. परांजपे आपल्याकडे कायमचे ‘रँग्लर परांजपे’ झाले.

हाती आलेले शब्द मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. ‘वादी’ नेमका वाटतो, पण आज तो कोर्टात दावा लावणारा. शिवाय संगीतातल्या रागाचा मुख्य स्वर, आणि ‘समाजवादी’तलं शेपूट. ‘वितंडवादी’ तर सरळ घात करतो. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार आहेत. स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचा खोडणं ती वितंडा. म्हणजे शब्द शास्त्रशुद्ध, पण स्पर्धेतल्या मुलाला तो लावला तर पालक भांडायला येतील. ‘हुज्जत’चंही तेच: अरबीत पुरावा, युक्तिवाद, मराठीत नुसती कटकट.

कोशस्थळाची खरी उणीव इथे आहे. शब्दाचा आजचा वजन-वास ते सांगत नाही, सांगणारही नाही. निदान आजचा अधिकृत शब्द कळावा म्हणून राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जोडीला ठेवावेत. न्यायव्यवहार आणि प्रशासनाच्या मजकुराला ते भरवशाचे आहेत, पण शब्दापुढे प्रतिशब्द देऊन मोकळे होतात. वापराचं वाक्य शोधत बसू नये.

स्पर्धेच्या पत्रकात ‘स्पर्धक’ किंवा ‘वक्ता’ पुरतो, बाजू सांगायची तर ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ जोडावं. ‘वादविवादपटू’त कौतुक आहे, म्हणून ते बक्षीस मिळवणाऱ्यालाच शोभतं; पहिल्याच फेरीत गारद झालेल्याला नको. तत्त्वज्ञानाच्या भाषांतरात ‘पूर्वपक्षी’ (आक्षेप घेणारा) आणि ‘सिद्धांती’ (त्याला उत्तर देऊन सिद्धांत मांडणारा) ही जोडी तयारच आहे.

मोल्सवर्थच्या नोंदीसोबत छापील पानाचा क्रमांक येतो. अक्षर संशयास्पद वाटलं तर त्या क्रमांकावरून मूळ पान ताडून घ्यावं. जोडाक्षरं आणि अनुस्वार टंकताना चुकतात ते तिथेच उघडं पडतं.