मंडईच्या स्टेजवर काय बसवायचं, 'नटरंग उभा' की 'सैराट झालं जी'?

दिवाळी झाली की आपल्या भंडारा-गोंदियाकडे मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू, अन् रात्रीच्या कार्यक्रमात डान्स कोणत्या गाण्यावर करायचा यावरून पोट्ट्यांची भांडणंही सुरू. टायटल साँगच घ्यायचं ठरलं तं ही दोन नावं हमखास निघतात, दोन्ही अजय-अतुलचीच. (झिंगाट म्हणणारा एक असतोच, पण ते टायटल साँग नाही अन् डीजेवर तसंही रात्रभर वाजते, मंग स्टेजवर काऊन पुन्हा?)

'नटरंग उभा' २०१० च्या पिक्चरचं. शेतमजूर गुणाला तमाशापायी नाच्या (बायकी ढंगात नाचणारा) व्हावं लागते अशी गोष्ट, त्यामुळे गाणं मुळातच स्टेजचं आहे. तालाचे बोल, ढोलकी, कोरस, सगळं एकावर एक चढत जाते अन् मागं उभं राहून खर्रा घोटणारेही पुढं सरकतात. अन् आपल्याकडचे म्हातारे लोकं तं खडी गंमतीत, म्हणजे आपल्या इकडच्या लोकनाट्यात, माणसालाच बाई होऊन नाचताना पाहत मोठे झाले, त्यांना या गाण्यात काय चाललंय ते समजावून सांगा लागत नाही. पोट्टे कितीही असू द्या, सगळ्यांना जागा मिळते, मागच्या रांगेतला एखादा चुकला तरी खपून जाते. ढोलकीवालाही शोधायला लांब जावं लागत नाही. खर्च मात्र आहे, फेटे, धोतरं भाड्यानं आणा, अन् लाइव्ह गायचं असेल तं गायकाच्या छातीत दम पाहिजे, नाही तं अर्ध्यातच बसते.

'सैराट झालं जी' २०१६ चं, अजय अन् चिन्मयीचं ड्युएट. गोड आहे बाप्पा, वादच नाही. पण सैराटचं म्युझिक हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्ड केलेलं, तो व्हायोलिनचा भराव पेटी-ऑक्टोपॅडवर आणायला जाल तं पातळ वरणासारखं होते. म्हणजे ट्रॅकच लावा लागते. कपडे साधे चालतात, पण जोडीच्या चेहऱ्यावर भाव पाहिजे, अन् मैदानात मागच्याला चेहरा दिसतो कुठं? शाळेच्या गॅदरिंगला, छोट्या हॉलमध्ये हेच घ्या, तिथं नटरंगचा नुसता गोंगाट होईल.

मंडईसाठी मी तं नटरंगच म्हणीन. कोणी विदर्भाचंच पाहिजे म्हणून अडून बसला तं 'झुंड'चं टायटल साँग आहे, पिक्चर नागपुरातच शूट झालेला, पण गाणं हिंदी, आयोजकांना चालते का आधी विचारून घ्या.