बोट लागली, पैसे बुडाले

गळ टाकायला समुद्रात नेणाऱ्या सहलींबद्दल तक्रारी ऐकू येतात त्या बहुतेक मासे न मिळाल्याच्या. मासे मिळणं कुणाच्याच हातात नसतं, त्यामुळे त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्या बाबतीत झालं ते वेगळंच. आम्हाला बोट लागेल हे गृहीत धरून, किंबहुना ती लागावी अशी तजवीज करून, पूर्ण दिवसाचे पैसे घेतलेल्या सहलीतून आम्हाला दुपार व्हायच्या आत धक्क्यावर आणून सोडलं. वर कागदोपत्री ते सगळं ‘पाहुण्यांच्या विनंतीवरून’.

हौस दादाची. वहिनी, मी आणि आमचे हे त्याच्या आग्रहाखातर निघालो. बुकिंग एका दलालामार्फत झालं. बोट फक्त आपल्यासाठी, खोल समुद्रात जायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, हे सगळं त्याने मेसेजमध्ये लिहून दिलं होतं. मला साध्या गाडीतही मळमळतं, हे मी आधीच सांगितलं. त्यावर त्याने ‘आणखी कोणाकोणाला त्रास होतो?’ असं अगदी आस्थेने विचारलं आणि ‘मोठी बोट आहे ताई, पाण्यावर आहात हे कळणारसुद्धा नाही’ असा दिलासा दिला.

आदल्या रात्री दादाने हवामानाचा अंदाज पाहिला. वारा १७ ते २० नॉट (म्हणजे ताशी साधारण ३१ ते ३७ किलोमीटर), लाटा दीड मीटर. त्याने दलालाला फोन केला, तर ‘दीड मीटर म्हणजे काहीच नाही’ म्हणून उडवून लावलं. हे उत्तर कुणाला मिळालं तर थांबा. अंदाजात दिलेली उंची ही सर्वात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्याच समुद्रात अधूनमधून जवळजवळ दुप्पट उंचीची लाटही येते. शिवाय नुसत्या उंचीवरून काही कळत नाही, दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात तेही पाहावं लागतं. दहा-बारा सेकंदांनी येणारी लाट बोटीला सावकाश उचलते आणि ठेवते. तेवढीच लाट चार-पाच सेकंदांनी यायला लागली की ती उभी असते, आपटते. पोटाला सगळ्यात वाईट हेलकावा साधारण पाच सेकंदांना एक, असं मोजून पाहिलेलं आहे. आमच्या दिवशीचा अंदाज नेमका तसाच होता.

मग दलालाने सहल रद्द का केली नाही? अट अशी होती की कप्तानाने हवामानामुळे सहल रद्द केली तर सगळे पैसे परत. बोट धक्क्यावरून सुटली की मात्र काही नाही. म्हणजे बोट काहीही करून धक्क्यावरून सुटणं एवढंच त्याच्या फायद्याचं.

सकाळी धक्क्यावर पोचलो तर बोटीत आधीच दोन अनोळखी गळवाले बसलेले. ‘फक्त आपल्यासाठी’ तिथेच संपलं. लाइफ जॅकेट घालायच्या गडबडीत पुढ्यात एक कागद आला, ‘सुरक्षेचा फॉर्म आहे, लवकर सही करा, भरती निघून जाईल.’ पाहुण्यांच्या सांगण्यावरून बोट वळवली तर परतावा नाही, ही ओळ त्याच कागदात होती. मग एका पोराने कानामागे लावायच्या औषधी पट्ट्या विकायला काढल्या, भाव अर्थातच अव्वाच्या सव्वा. मी आणि वहिनींनी एकेक घेतली.

या पट्टीबद्दल जरा सविस्तर सांगते. ती खोटी नव्हती. स्कोपोलामीन या मळमळ रोखणाऱ्या औषधाची पट्टी खरंच उपयोगी पडते आणि ३ दिवसांपर्यंत चालते, पण ती निघण्याच्या किमान ४ तास आधी लावायची असते. धक्क्यावर विकत घेऊन लावलेली पट्टी सकाळभर नुसती शोभेला. शिवाय अनेक देशांत ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत, त्याला कारण आहे. काचबिंदूच्या काही प्रकारांत ती धोक्याची, लहान मुलांना द्यायची नाही, वयस्कांना तिने गोंधळल्यासारखं होऊ शकतं. लावल्यावर हात धुवायचे असतात हेही आम्हाला कुणी सांगितलं नाही. वहिनींनी त्याच बोटाने डोळा चोळला आणि संध्याकाळी त्यांच्या एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा केवढीतरी मोठी झालेली. त्या रात्री आम्ही डॉक्टर शोधत फिरलो. (पट्टीमुळे झालंय हे कळेपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.) मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेट या मळमळीवरच्या गोळ्याही निघण्याच्या तासभर आधी पोटात जायला हव्यात. एकदा उलट्या सुरू झाल्या की गोळी घेऊन फारसं काही साधत नाही, कारण पोटातलं पुढे सरकणंच मंदावलेलं असतं.

बोट चालू होती तोवर मी बरी होते. थोड्या वेळाने कप्तानाने इंजिन बंद केलं, आणि खरा प्रकार तिथे सुरू झाला. इंजिन बंद केलेली बोट वाऱ्याने फिरते आणि लाटांना आडवी होते, मग ती कुशीवर लोळत राहते. जाणता कप्तान नांगर टाकून किंवा अधूनमधून इंजिन चालवून बोटीचं नाक लाटांकडे ठेवतो. आमच्या कप्तानाने यातलं काही केलं नाही. आम्हाला बसवलं होतं मागच्या टोकाला, डिझेलच्या धुराच्या तोंडाशी. हेलकावे सगळ्यात कमी बसतात ते बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूला, पण तिथे सामान रचलेलं. मी क्षितिजाकडे बघत राहिले, कारण बोटीतच बघत राहिलं तर डोळे ‘स्थिर’ म्हणतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग ‘हलतंय’ म्हणतो, या भांडणातूनच मळमळ होते. त्यामुळे निदान थोडा वेळ तग धरता आला. त्या पोराने मात्र नेमकं तेव्हाच आमिषाचा डबा नाकाखाली उघडून ठेवला. वहिनी कठड्याला गेल्या, मागोमाग मी, मग हे.

मग कप्तान विचारू लागला. ‘परत जायचं का मॅडम? जबरदस्ती नाही.’ पुन्हापुन्हा, फार गोड आवाजात. मी हो म्हटल्यावर त्याने मोबाइल पुढे धरला: ‘एकदा कॅमेऱ्यात बोला, आम्हाला परत न्या म्हणून.’ ओकारीने डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाचा व्हिडिओ काढायला हा इतका उत्सुक का, हे मला तेव्हा सुचलं नाही. बोलले मी.

बोटीतल्या त्या दोन गळवाल्यांपैकी एकाने दादाला हळूच सांगितलं, की खोल समुद्र वगैरे काही नाही, गळाचं वजन सोडल्या सोडल्या तळाला टेकतंय. तो बरोबर होता. किनारा चांगला स्पष्ट दिसत होता. त्या दोघांना परतायचं नव्हतं, पण त्यांना कोण विचारतो?

धक्क्याला लागलो तेव्हा तिथे पुढची मंडळी लाइफ जॅकेट घालून तयार उभी. दादाने त्यांच्याशी बोलून घेतलं. त्यांचं बुकिंग दुपारचं, याच बोटीचं, आणि कित्येक दिवस आधी केलेलं. संध्याकाळपर्यंत आम्हाला विकलेली बोट दुपारी त्यांना विकली होती. त्यांनी आपली बुकिंगची पावती दाखवली, दादाने तिचा फोटो काढून ठेवला. पुढे सगळा उपयोग त्याच फोटोचा झाला.

दलालाने अपेक्षेप्रमाणे सही केलेला कागद आणि माझा व्हिडिओ पाठवून दिला. मग कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद नोंदवला. खराब हवामान, आजारपण, धूर, यातलं काही टिकलं नाही. समुद्रावर बोट लागतेच, असं म्हणायला समोरचा मोकळा असतो. टिकलं ते दोनच गोष्टींवर: मेसेजमध्ये ‘फक्त आपल्यासाठी’ लिहिलेलं असताना बोटीत परके प्रवासी होते, आणि आमच्याच वेळेत तीच बोट दुसऱ्यांना विकलेली होती. काही रक्कम परत मिळाली. पट्ट्यांचे पैसे रोख दिले होते, ते गेले.

दादाची हौस काही फिटलेली नाही. आता तो पैसे भरण्याआधी कप्तानाशीच बोलतो, दलालाशी नाही, आणि लेखी विचारतो: किती वाऱ्याला तुम्ही निघत नाही, तास धक्का सोडल्यापासून मोजता की गळ टाकल्यापासून, कुणी आजारी पडलं तर उरलेल्या वेळेचं काय, आणि त्याच दिवशी बोटीचं दुसरं बुकिंग आहे का. या शेवटच्या प्रश्नावर एकाने फोनच ठेवून दिला. दुसऱ्याने सगळी उत्तरं लिहून पाठवली आणि आदल्या दिवशी स्वतःच फोन करून सांगितलं की उद्या वारा जास्त आहे, येऊ नका.