ओव्हुलेशनच्या पट्ट्या आणि दोन दशांशांचा थर्मामीटर : मराठवाड्याच्या उन्हाळ्यासकट वापरल्यावर

मेडिकलवर मिळणारी गरोदरपणाची पट्टी आणि स्त्रीबीज कधी सुटणार हे लघवीवरून सांगणारी ही ओव्हुलेशनची पट्टी दिसायला सारखीच, पण वाचायची रीत वेगळी, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. गरोदरपणाच्या पट्टीवर फिकट रेघ आली तरी ती धरतात. इथे फिकट रेघेला अर्थ नाही, कारण पट्टी जे मोजते ते एलएच, म्हणजे बीज सोडायला लावणारं हार्मोन, अंगात रोजच थोडं असतं. चाचणीची रेघ कंट्रोलच्या (पट्टी नीट चालते हे दाखवणाऱ्या) रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली, तरच निकाल 'हो'. तिथून साधारण 24 ते 36 तासांत स्त्रीबीज बाहेर पडतं. 'जवळजवळ तेवढीच' दिसली तर 'नाही' समजा आणि पाच-सहा तासांनी पुन्हा बघा.

रेघ ट्यूबलाइटखाली नको, दारातल्या उजेडात बघा. पट्टी खुणेच्या वर बुडवायची नाही, आडवी ठेवायची आणि पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचायची. बहुतेकांवर 5 ते 10 मिनिटं लिहिलेली असतात. वाळलेल्या पट्टीवर रेघ गडद होत जाते, म्हणून संध्याकाळी डब्यातून काढलेली सकाळची पट्टी पुरावा म्हणून धरू नका. फोटो ठेवायचा असेल तर पट्टी ओली असतानाच काढा.

सुरुवात कधी करायची? सगळ्यात कमी दिवसांच्या पाळीतून 17 वजा करा. 28 दिवसांची पाळी असेल तर 11वा दिवस, 35 ची असेल तर 18वा. पाळी मागेपुढे होणाऱ्यांना पाच-सहा पट्ट्यांचं पाकीट पुरत नाही; सुट्ट्या पट्ट्यांचा मोठा पॅकच परवडतो. सकाळची पहिली लघवी नको, दुपार ते रात्री आठ ही वेळ बरी. पाकिटावर लिहिलेलं असतं की आधी दोन तास पाणी कमी प्या. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42 च्या पुढे असताना, रानात किंवा पत्र्याखाली काम करणाऱ्या बाईला हे सांगणं मला पटत नाही. पट्टीसाठी तहान मारू नका. त्यापेक्षा दुपारी एकदा आणि रात्री एकदा अशा दोन पट्ट्या वापरा, आणि लघवी पाण्यासारखी पांढरी असेल तर ती वेळ सोडून द्या. याच्या उलट हरतालिकेच्या निर्जळी उपवासाला लघवी घट्ट असते आणि रेघ उगंच गडद वाटते. त्या दिवशी एकट्या पट्टीवर जाऊ नका.

साठवणुकीचंही तेच. पाकिटावर 30 अंशांपर्यंतची मर्यादा असते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात घरातच त्याहून जास्त असतं. पत्र्याच्या खोलीतलं कपाट नको, माठाशेजारची ओल तर नकोच. घरातली सगळ्यात थंड, कोरडी जागा बघा. फॉइल फाडलं की पट्टी लगेच वापरायची. कंट्रोलची रेघच उमटली नाही तर ती पट्टी बाद.

पीसीओडी (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) असेल तर या पट्ट्यांवर मी फारसा भरवसा ठेवणार नाही. एलएच अनेकदा मुळातच वाढलेलं असतं, त्यामुळे रेघ चार-पाच दिवस गडद राहते, किंवा गडद होते, उतरते, परत चढते. पट्टी फक्त मेंदूचा निरोप निघाला एवढं सांगते. बीज सुटलं की नाही, हे तिला कळत नाही. बीज तयार व्हावं म्हणून दिल्या जाणाऱ्या क्लोमिफिनच्या गोळ्या चालू असतील तर शेवटच्या गोळीनंतर तीन दिवस थांबून तपासा. बीज सुटण्यासाठीचं एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर पुढचे काही दिवस रेघ गडदच येणार. तिचं काही धरू नका.

बीज सुटलं की अंगाचं तापमान थोडं चढतं, म्हणून ते थर्मामीटरवरून कळतं, पण सुटून गेल्यावर. तापाचा साधा, एका दशांशाचा थर्मामीटर चालत नाही. किमान तीन तास सलग झोप झाल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, तोंड मिटून जिभेखाली धरायचा. नोंद (सेल्सिअसमध्ये) अशी दिसते : सहा दिवस 36.35, 36.42, 36.38, 36.44, 36.31, 36.40 आणि नंतर 36.62, 36.66, 36.71. आधीच्या सहांतल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर सलग तीन दिवस, आणि तिसरा किमान 0.2 ने जास्त, तेव्हा खरं मानायचं. रात्री लाइट गेली, कूलर बंद पडला, झोपमोड झाली, की सकाळचा आकडा बिघडतो. त्याच्याभोवती गोल काढून ठेवा, तो मोजू नका. गच्चीवर झोपायला जाणार असाल तर ती सुरुवात पाळी आल्यावर करा, मध्येच नको. नाहीतर जागा बदलल्याची चढउतार बीजाची वाटते.

अंगावरून जाणारं पांढरं म्हणजे रोगच, असं आपल्याकडे समजून चूर्णं-काढे सुरू होतात. पाळीच्या मधल्या दिवसांत ते पारदर्शक, निसरडं आणि दोन बोटांत धरून दोन-तीन इंच ताणलं तरी न तुटणारं असेल, तर ते निरोगीपणाचं लक्षण आहे. दह्यासारखं आणि खाज येणारं, किंवा माशासारखा वास येणारं असेल तर दवाखाना. आदल्या रात्री संबंध आला असेल तर सकाळी वीर्यही असंच दिसून फसवतं, दुपारी बघा. सर्दीच्या गोळ्यांनी आणि क्लोमिफिनने हा स्राव आटतो.

खुणांचं एकमेकींशी जमलं नाही तर? पट्टी गडद झाली, पण चार-पाच दिवसांत तापमान चढलं नाही, तर बहुधा बीज सुटलंच नाही. पट्ट्या चालू ठेवा. तापमान चढलं आणि पट्टी कधीच गडद झाली नाही, तर बहुधा मधली वेळ हुकली. पुढच्या महिन्यात दिवसातून दोनदा तपासा. स्राव ताणला जातोय आणि पट्टी फिकट आहे, तेव्हा पट्टीची वाट बघत दिवस राखून ठेवू नका. शुक्राणू अशा स्रावात पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज मात्र 12 ते 24 तासच. म्हणून स्राव सुरू झाल्यापासून एक दिवसाआड संबंध, हाच माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग.

डॉक्टरांकडे जाताना या नोंदींची वही सोबत न्या. '21व्या दिवसाची' प्रोजेस्टेरॉनची (बीज सुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची) तपासणी 28 दिवसांच्या पाळीसाठी आहे. 35 दिवसांची पाळी असेल तर ती 28व्या दिवसाच्या आसपास करायला हवी, म्हणजे बीज सुटल्यावर सात दिवसांनी. फॉलिकल स्टडीला (बीज वाढतंय का हे बघायच्या सोनोग्राफीला) एक दिवसाआड लातूर किंवा परभणी गाठावं लागणाऱ्यांना पहिली तारीख ठरवताना वहीचा फार उपयोग होतो.

वय 35 च्या आत असेल तर वर्षभर, त्यापुढे सहा महिने प्रयत्न करून दवाखाना गाठावा. पाळी 35 दिवसांहून लांबत असेल किंवा येतच नसेल तर लगेच. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत करा, महिनोन्‌महिने पट्ट्या संपवून नंतर नको. त्याआधी 2 ते 7 दिवस संबंध टाळायचा. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचावा लागतो. खेड्यातून निघणाऱ्यांनी तो लॅबमध्येच द्यावा.